बूथमध्ये बोललेलं

बाळंतपण बारामतीला झालं. पहिलटकरीण म्हणून नंतर इंदापूरला माहेरी राहिले आणि मग लेकीला घेऊन कळंबला सासरी आले. घर वस्तीवर, गावापासून जरा लांब. पुढं डाळिंबाची बाग, मागं टोमॅटो आणि वांगी, आणि दारापासून हाकेच्या अंतरावर विहीर. मालक, म्हणजे माझा नवरा, माल घेऊन टेम्पोनं कधी इंदापूरच्या, कधी बारामतीच्या बाजाराला जायचे. घरात सासूबाई होत्या, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. थोरल्या दिरांचं घर त्याच अंगणात, त्यामुळं जाऊबाई दिवसभर डोळ्यांसमोर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते.

मला त्या घरात कुणाचा जाच नव्हता, हे मुद्दाम सांगते. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. आत्यांनी स्वतः वस्तीवर घरोघरी बर्फी वाटली. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर फोडायला मला कुणी सापडलं नाही, आणि तेही एक ओझंच होतं.

एका सकाळी मी लेकीला कडेवर घेऊन विहिरीवर गेले. मोटार चालू करायची होती, बाकी काही नाही. स्टार्टरच्या पेटीपाशी उभी होते आणि डोळ्यांसमोर एकदम आलं, की मी हिला सोडून दिली आहे आणि तिचं दुपटं पाण्यावर पसरलं आहे. इतकं लख्ख, की मी दचकून खाली पाहिलं. लेक माझ्या कडेवरच होती, माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. मी धावत घरात आले, तिला आत्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन ओकले.

त्या दिवसापासून ते चित्र माझ्या मागं लागलं. विहिरीवर जायचं मी बंद केलं, तर ते विळीपाशी यायला लागलं. विळी माळ्यावर टाकली, तर अंघोळ घालताना पाण्याच्या घंगाळापाशी आलं. मग मी लेकीला अंघोळ घालणंच सोडलं. माझी कंबर दुखते असं सांगितलं, आत्यांनी विश्वास ठेवला. तिला पाजायला घ्यायचे तेव्हा भिंतीला पाठ लावून बसायचे आणि दोन्ही हात तिच्याभोवती असे घट्ट धरायचे की ती रडायला लागायची. झोप गेली, जेवण गेलं. माझ्या पोटच्या पोरीला मी मारणार आहे असं माझं मन मला सांगत होतं आणि हे सांगायचं तरी कुणाला? ज्या आईला असं वाटतं तिला लोक काय म्हणतील, ते मला ठाऊक होतं. मी स्वतःच तिला तेच म्हणत होते.

जाऊबाई म्हणाल्या, "बाहेरचं असंल काहीतरी. वली बाळंतीण सांजच्याला हिंडली असंल." आत्यांनी लिंबू उतरवून टाकलं. त्यानं काही झालं नाही तेव्हा मालकांनी मला बारामतीला, बाळंतपण ज्यांनी केलं त्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या दवाखान्यात महिन्यातून एकदा पुण्याहून एक डॉक्टरबाई येतात. मनाच्या डॉक्टर आहेत. त्यांना दाखवा."

मनाच्या डॉक्टर म्हणजे वेड्यांच्या डॉक्टर, एवढं कळण्याइतकी मी शिकले होते. बारावी झाले होते. पण मालक म्हणाले, "दाखवून तर बगू," आणि आम्ही गेलो.

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज मात्र अगदी मऊ. मालक शेजारच्या खुर्चीत बसलेले, त्यांच्या मांडीवर लेक. बाईंनी विचारलं, "काय होतं तुला?" मी म्हणाले, "भीती वाटते." "कशाची?" मी मालकांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि रडायला लागले. त्यांनी मालकांना बाहेर थांबायला सांगितलं, तरी माझ्या तोंडून शब्द निघेना. दाराबाहेर माणसं खोळंबली होती.

तेव्हा त्या म्हणाल्या, "समोर बसून बोलणं सगळ्यांना जमत नाही. तुमच्या गावात फोन आहे का?"

"बूथ आहे."

"मग गुरुवारी दुपारी मला पुण्याला फोन कर. बूथचा नंबर सांग, मी उलट फोन करीन. दर गुरुवारी. मी तुला दिसणार नाही, तू मला दिसणार नाहीस. जमेल तेवढंच बोल." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जे सांगशील ते आपल्या दोघींतच राहील."

बूथ गावात, एसटी थांब्याजवळ होता. काचेची खोली, आत एक स्टूल, भिंतीवर मीटरचे लाल आकडे. चालवणाऱ्या माणसाचा एक पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, त्याला तो बूथ सरकारकडून मिळाला होता. मला पहिली भीती वाटली ती त्याची. आतलं बोलणं बाहेर ऐकू जातं का हे पाहायला मी एकदा मालकांना आत उभं करून बोलायला लावलं आणि स्वतः बाहेर काचेला कान लावला. काही ऐकू आलं नाही. तरी मी रस्त्याकडं पाठ करून, तोंडावर पदर घेऊन बोलायचे. मालक लेकीला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली उभे राहायचे. दर गुरुवारी, बाजाराची घाई असली तरी.

पहिले काही गुरुवार मी नुसती रडले. बाई कंटाळल्या नाहीत. त्या पलीकडं आहेत हे कळावं म्हणून मधूनच "हं" म्हणायच्या. कधी विचारायच्या, "आज काय जेवलीस?" कधी, "तुमच्याकडं पाऊस झाला का?" आणि एका गुरुवारी, का कोण जाणे, त्यांनी काही विचारायच्या आत मीच बोलले. एरवी त्यांच्याशी मी जपून, पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशी माझी माहेरची बोली बाहेर पडली. "बाई, मला माज्या हातांचं भ्या वाटतंय. ह्ये हात लेकराला हिरीत टाकत्याल."

मग त्या म्हणाल्या, "किती दिवस एकटीनं सोसलंस हे?"

त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले असते.

त्यांनी मला समजावून सांगितलं, की हा आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांना होतो आणि सगळ्या जणी माझ्यासारख्याच गप्प बसतात. "तुला ते करायचं असतं तर तुला एवढी भीती वाटलीच नसती. नको असलेला विचार आहे तो. तू त्याला जितकं ढकलशील तितका तो परत येईल. आपण त्याला येऊ देऊ. येईल आणि जाईल." मग त्यांनी मला कामं दिली. पहिल्यांदा लेकीला कडेवर घेऊन नुसतं दारात उभं राहायचं, विहीर दिसेल असं. चित्र येऊ द्यायचं. पळायचं नाही. छातीतली धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. मग पुढच्या वेळी गोठ्यापर्यंत जायचं, मग हौदापर्यंत. गुरुवारी मी त्यांना सांगायचे, "हौदापर्यंत गेले, बाई." त्या लहान मुलीसारख्या आनंदून म्हणायच्या, "शाब्बास!"

ज्या दिवशी मी लेकीला घेऊन विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहिले, त्या दिवशी काहीच झालं नाही. चित्र आलं, फिकट, आणि गेलं. वर एक होला घुमत होता. लेकीनं माझं नाक पकडलं. मी घरी येऊन तिला अंघोळ घातली, तेल लावून, पायांवर घेऊन, रगडून. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कंबर बरी झाली व्हय?" मी म्हणाले, "झाली."

मालकांना मी एवढंच सांगितलं होतं, की भीती वाटायची, आता वाटत नाही. कशाची ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कधीतरी सांगेन, असं मनात होतं. लेक मोठी झाल्यावर, सगळं जुनं झाल्यावर. हळूहळू गोळ्या कमी झाल्या, गुरुवार महिन्यातून एकदा आला, मग थांबला. शेवटच्या फोनवर बाई म्हणाल्या, "आता तुला माझी गरज नाही." मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं होतं.

लेक रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. डाळिंबाचा बहार तोडणीला आला. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही फळं निवडायला बसलो होतो: आत्या, जाऊबाई, मी आणि वस्तीवरच्या कामाला येणाऱ्या बायका. मोठी फळं एकीकडं, बारकी एकीकडं. लेक कोपऱ्यात गोधडीवर झोपलेली. खुंटीला रेडिओ टांगलेला असायचा. गाणी संपली आणि बायकांचा कार्यक्रम लागला. निवेदिका म्हणाली, आज आपल्याकडं मनोविकारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर आल्या आहेत. मग त्या "नमस्कार" म्हणाल्या आणि माझ्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"अगं बाई! ह्या तर माझ्या डॉक्टरबाई!"

सगळ्यांनी वर पाहिलं. जाऊबाई म्हणाल्या, "कंच्या?"

"ज्यांना मी फोन करत होते त्या. पुण्याच्या. ह्यांनीच मला बरं केलं."

मला किती अभिमान वाटला होता, काय सांगू. माझ्या ओळखीचं माणूस रेडिओवर बोलत होतं. मीच उठले आणि मीच रेडिओचा आवाज मोठा केला.

बाई छान बोलत होत्या. मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे, खेड्यात डॉक्टर नाहीत, पुण्याला येणं परवडत नाही, पण आता गावोगावी फोन झाले आहेत, तर फोनवरून उपचार का होऊ नयेत? आत्या मान डोलावत होत्या. मग बाई म्हणाल्या, "आता इंदापूर तालुक्यातलीच एक मुलगी घ्या. नाव मी सांगणार नाही. वस्तीवरचं घर, डाळिंबाची बाग, दारात विहीर. नुकतीच बाळंतीण झालेली. दर गुरुवारी बूथवरून फोन करायची आणि रडायची. एक दिवस मला म्हणते कशी..."

आणि त्यांनी आवाज बदलला. माझा आवाज काढला. माझी बोली. "'बाई, मला माज्या हातांचं भ्या वाटतंय. ह्ये हात लेकराला हिरीत टाकत्याल.'"

निवेदिका म्हणाली, "अरे बापरे!"

जाऊबाईंनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं तेवढा आवाज. मी खाली मान घालून फळं निवडत राहिले, मोठं कुठं आणि बारकं कुठं ते कळत नव्हतं. आत्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, हळूच. कोपऱ्यात गेल्या, झोपलेल्या लेकीला गोधडीसकट उचललं आणि माझ्याकडं न बघता घरात निघून गेल्या. कामाच्या बायका त्या दिवशी लवकर गेल्या. सांजेपर्यंत गावात कळलं असणार, कारण मालक बाजारातून आले ते टेम्पो अंगणात उभा करून तसेच, चप्पल न काढता, आत आले.

"खरं हाय का?"

"काय?"

"ती बाई रेडिओवर बोलली ते."

"इचार यायचा," मी म्हणाले. "करनार नव्हते मी. आजार होता तो. बरा झाला."

"इचार यायचा म्हंजे काय? आपल्या लेकराला?"

मला बाईंनी जे समजावलं होतं ते मी त्यांना सांगायला लागले. नको असलेला विचार, येतो आणि जातो. बाईंच्या तोंडून ते किती खरं वाटायचं, आणि माझ्या तोंडून ते सबबीसारखं वाटत होतं. मालक ऐकत होते, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. ते म्हणाले, "मी तुला बारामतीला न्हेली. गोळ्या आनल्या. लेकरू घेऊन त्या लिंबाखाली हुबा ऱ्हायलो, एक गुरुवार चुकवला न्हाय. मला न्हाय सांगितलंस तू. आन् त्या बाईनं समद्या मुलखाला सांगितलं."

"त्या म्हणाल्या होत्या, दोघींतच राहील."

हे बोलताना माझं मलाच कळलं, की मी किती खुळ्यासारखी विश्वासले होते. आणि हेही कळलं, की ज्या माणसापासून मी लपवलं त्यालाही आत्ता माझ्यासारखंच वाटत असणार.

लेक त्या दिवसापासून आत्यांपाशी झोपायला लागली. मालकांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. कारागीर आले, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या आणि मी दारातून बघत होते. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं ती जाळी कुणासाठी. अजून वर्ष झालं नव्हतं, मी त्याच काठावर लेकीला घेऊन उभी राहिले होते आणि जिंकले होते. ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

मग बारामतीहून नणंद आली. तिला दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. आत्या म्हणाल्या, "चार दिस जाऊंद्या पोरीला तिच्या आत्याकडं. तुलाबी इसावा." मी म्हणाले, "ती अजून अंगावर पिते." मी मालकांकडं पाहिलं. ते टेम्पोच्या चाकाकडं बघत होते. लेकीला टेम्पोत फिरायची सवय होती, ती हसत गेली. माझ्या छातीत दूध दाटून गाठी झाल्या, ताप चढला. जाऊबाईंनीच कोबीची पानं आणून बांधली. वाईट नव्हत्या त्या. रेडिओ त्यांनी माझी लाज झाकायला बंद केला होता, असं त्या पुढं म्हणाल्या आणि मला ते पटलं.

ते चार दिवस लांबतच गेले. रोज कुणीतरी म्हणायचं, बघू, पुढच्या आठवड्यात.

गावातल्या बूथमध्ये पाऊल टाकायची माझी हिंमत नव्हती. बूथवाला तसा भला माणूस, मला बघून त्यानं मान वळवली होती, पण रागानं नव्हे, ओशाळून. मी त्याच्या कानांना भ्यायले होते. घात झाला तो तारेच्या पलीकडून. माहेरी जाते असं सांगून मी इंदापूरला गेले आणि एसटी स्टँडजवळच्या बूथवरून बाईंना फोन लावला. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. एका कानात बोट घालून मी बोलत होते.

"तू आहेस होय! कशी आहेस? बाळ कसं आहे?"

"बाळ माझ्याजवळ नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मी तुझं नाव तर घेतलं नव्हतं."

"नावाशिवाय सगळं घेतलंत, बाई."

"अगं, इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागा काय थोड्या आहेत? मला वाटलं..." आणि मग त्यांचा तो जुना, मऊ आवाज आला. "त्या कार्यक्रमानंतर मला किती बायकांचे फोन आले, तुला माहीत आहे? तुझ्यासारख्याच. कुणालाच न सांगितलेल्या. तुझ्यामुळं त्या बोलल्या."

त्या बायकांचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. त्या माझ्याच होत्या. पण त्यांची वाट माझ्या अंगावरून काढली होती आणि मला विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "माझा आवाज का काढलात?"

"काय?"

"माझ्यासारखं बोलून दाखवलंत. ते का?"

त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मला ते सगळ्यात जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी बारामतीला आहे. घरच्यांना घेऊन ये. मी बोलते त्यांच्याशी."

मालक यायला तयार झाले नाहीत. म्हणाले, "त्या बाईचं तोंड मला बगायचं न्हाय." आत्या मात्र म्हणाल्या, "मी येते." आम्ही दोघी एसटीनं गेलो. जंक्शनच्या फाट्यावर गाडी बदलून बारामतीपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण गर्दीत मला खिडकी धरून दिली.

दवाखान्यात बाईंनी आत्यांना खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं, अगदी मला सांगितलं होतं तसंच. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ही टाकनार न्हवती?"

"नव्हती. या आजारात आई उलट लेकराला जास्तच जपते. हिनं विळी माळ्यावर का ठेवली होती, विचारा."

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. विळी माळ्यावर का गेली म्हणून त्या काळात त्या माझ्यावर चिडल्या होत्या.

"आणि ती पूर्ण बरी झाली," बाई म्हणाल्या. "हे मी कार्यक्रमात शेवटी सांगितलं होतं. किती धीराची मुलगी आहे, तेही सांगितलं. ते ऐकलं नाही का तुम्ही?"

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "थोरलीनं रेडू बंद केला मधीच."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आपल्या बोलण्याचा शेवट कुणीच ऐकला नाही, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं असं दिसलं.

आत्या उठल्या. "बाई, तुमी हिला बरी केली, त्ये मोप उपकार झालं. पर ह्ये आमाला आदी सांगायचं व्हतं. रेडूला मागनं."

"चुकलं असेल माझं," बाई म्हणाल्या.

'चुकलं असेल' म्हणाल्या. नुसतं 'चुकलं' नाही म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. याच बाईंनी मला शिकवलं होतं, की जे आहे त्याच्यासमोर उभं राहायचं, पळायचं नाही.

दवाखान्यातून आम्ही एसटी स्टँडकडं वळलो नाही. आत्या पुढं आणि मी मागं, सरळ नणंदेच्या घरी. नणंद दार उघडून बघतच राहिली. आत्या म्हणाल्या, "पोर न्यायला आलोय." नणंद काहीबाही बोलली, आत्ता तर कुठं रुळली, इथं शाळा चांगल्या आहेत. आत्या म्हणाल्या, "आईची पोर हाय. आईकडं जाईल."

लेक माझ्याकडं आली नाही. मी हात पुढं केले तर तिनं नणंदेच्या खांद्यात तोंड लपवलं. मधल्या काळात ती चालायला लागली होती. तिचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही. नणंदेनं तिला शेवटी आत्यांच्या हातात दिलं, आणि दारात उभी राहून ती रडत होती. तिचाही मला राग धरता आला नाही. परत येताना एसटीत लेक आत्यांच्या मांडीवर होती. लासुर्ण्याच्या पुढं तिला झोप लागली तेव्हा आत्यांनी तिला अलगद माझ्या मांडीवर सरकवलं.

माझं दूध तोवर आटलं होतं. तिला परत माझी व्हायला पुष्कळ वेळ लागला. पडली-झडली की ती नणंदेच्या आठवणीनं "आत्या" म्हणून रडायची. मालकांनाही वेळ लागला. ते मला कधी टाकून बोलले नाहीत, पण मी लेकीला घेऊन कुठं निघाले की हातातलं काम सोडून उभे राहायचे, आणि मी परत दिसले की बसायचे. आपण उभे राहिलो हे त्यांचं त्यांना कळत नसे.

लेक शाळेत जायला लागली त्यानंतरची गोष्ट. एक दिवस दप्तर टाकून ती चुलीपाशी आली आणि म्हणाली, "आई, तू मला विहिरीत टाकनार होतीस का?" कुण्या मुलीनं तिला सांगितलं होतं. त्या मुलीला तिच्या आईनं सांगितलं असणार. इतक्या वर्षांनी.

मी तवा उतरवून ठेवला. तिला जवळ घेतलं नाही, समोर बसवलं. म्हणाले, "नाही. मला भीती वाटायची, की तुला काही होईल. खूप भीती वाटायची. माझ्या हातून होईल असंसुद्धा वाटायचं. तो ताप असतो तसा एक आजार होता. औषध घेतलं, बरी झाले."

"मग ती असं का म्हनली?"

"तिनं अर्धंच ऐकलं."

मालक दारात उभे होते. कधी आले होते कोण जाणे. ते आत आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आई खरं सांगतीया." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

तोवर आमच्या घरी फोन आला होता. एके दुपारी वाजला, मी उचलला, आणि तोच मऊ आवाज. बाईंनी माझा नंबर कुठून मिळवला, विचारलं नाही. त्या म्हणाल्या, फोनवरून उपचार करायचं त्यांचं काम आता वाढलं आहे, आणखी डॉक्टर आले आहेत, बारामतीला बायकांचा एक मेळावा घेणार आहेत. "तू येशील? चार शब्द बोलशील? तू स्वतः बोललीस तर त्याचा किती परिणाम होईल! या वेळी मी आधी विचारते आहे बघ."

"मी बोलले होते, बाई," मी म्हणाले. "तुमच्याशी बोलले होते."

मग त्या म्हणाल्या, "हं." अगदी तसंच, मी पूर्वी रडत असताना म्हणायच्या तसं. मला क्षणभर वाटलं, आता त्या विचारतील, आज काय जेवलीस. मी फोन ठेवला.

मालकांनी विचारलं, "कुनाचा व्हता?" मी सांगितलं कुणाचा ते. त्या काय म्हणाल्या आणि मी काय म्हणाले, तेही सांगितलं. ते म्हणाले, "जायचं असंल तर मी न्हेतो." मी नको म्हणाले आणि ते टेम्पो भरायला गेले.

अजूनही कधी दुपारी, घरात कुणी नसताना, तो आवाज मला आठवतो. आधी बरं वाटतं. मग राग येतो. इतक्या वर्षांत यातलं एकही कमी झालेलं नाही.